चित्रीकरण करणार गंगाधर, मदतनीस इक्बाल

नसीमभाभींनी पडद्याआडून माझी उलटतपासणी घेतली, म्हणून परवा मी पेणच्या कोर्टात उभा राहू शकलो, भाई. हे आधी सांगतो, कारण तुम्हीच तसं शिकवलंत. आधी हजर कोण ते बोलायचं, मग काय झालं ते. तर हजर होत्या भाभी. इद्दतीत, म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं घरातच राहायच्या मुदतीत बसलेल्या, रोह्याच्या घरात, आतल्या खोलीत. मी बाहेर, तुमच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर. खुर्चीत बसवेना.

"साक्षीदार, नाव सांगा."

"गंगाधर किसनराव."

"मोठ्यानं. जज बहिरे असले तर?"

"भाभी, जज कसे बहिरे असतील?"

"साक्षीदारानं सवाल करायचा नाय. शिक्षण?"

"सातवी."

"पास की नापास?"

यावर मी स्टूल जरा मागं सरकवलं. पडद्यामागून हसण्याचा आवाज आला आणि मध्येच थांबला. तुम्ही गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा कोणी हसलं असेल तर ते तेव्हा. मग दोघांनाही कसंतरीच झालं. भाभींनी आतून चहाचा कप पडद्याखालून सरकवला आणि म्हणाल्या, "पी, नि परत पहिल्यापासून."

भाई, मला तुम्हाला एकच विचारायचंय. बाकी सगळं मी रडून घेतलं, नाही रडलो तिथं काम करून घेतलं. पण हे एक सुटत नाही. त्या दिवशी बांधावर तुम्ही आपली नावं उलटी घेतलीत, ती चुकून की मुद्दाम?

लोकांना हे वाचून कळणार नाही. ज्यांनी तुम्हाला फक्त दुकानात पाहिलं त्यांना वाटेल, नावांचं एवढं काय. म्हणून जरा मागून सांगतो. तुम्हाला ठाऊक असलेलंच सांगतोय, कंटाळू नका.

मी परभणीकडून पेणला आलो तो गणपतीच्या कारखान्यात. साच्यातून काढलेल्या ओल्या मूर्ती फळीवर घेऊन वाळवायच्या जागेपर्यंत न्यायच्या, एवढंच काम. तुम्ही कारखान्याचा व्हिडिओ काढायला आला होता. सगळे कारागीर केस विंचरून मूर्तींचे डोळे आखायला बसले आणि तुम्ही कॅमेरा माझ्या मागं फिरवत राहिलात. मी घाबरलो. वाटलं, काहीतरी चुकतंय म्हणून पुरावा गोळा करतायत.

"तुझा हात हलत नाय रे," तुम्ही म्हणालात. "नाव काय?"

"गंगाधर."

"आमची कुंडलिका नदी काय कमी पडली होती, म्हणून परभणीनं गंगा पाठवली?"

पुढच्या आठवड्यात मी तुमच्या एसटी स्टँडजवळच्या दुकानात होतो. गावी आईला सांगितलं, फोटोवाल्याकडं लागलो. ती म्हणाली, "उन्हात नाही ना काम?" मी नाही म्हणालो. मग वर्षानुवर्षं आपण उन्हातच उभे राहिलो. जमिनीच्या मोजणीत, पंचनाम्यात, बँकेनं ताबा घेतलेल्या घरांच्या दारात, ज्या बांधावरून भावाभावांत वाद चाललाय त्या बांधावर. लग्नं तुम्ही हळूहळू सोडलीत. म्हणायचात, "लग्नाचा व्हिडिओ लोक एकदाच बघतात, नि रडतात. कोर्टाचा धा वेळा बघतात, नि भांडतात. आपलं काम जास्त बघितलं जातं ते चांगलं."

कोर्टाच्या कामाचे तुमचे कायदे सरकारी कायद्यांपेक्षा कडक. कॅमेरा सुरू झाला की बंद करायचा नाही. कुणी कितीही रडलं तरी त्याच्या तोंडावर झूम मारायची नाही. आपण दोघांनी आपसात बोलायचं नाही. आणि सुरुवातीला खणखणीत आवाजात सगळं बोलायचं. तारीख, वेळ, जागा, हजर कोण कोण. शेवटी, "चित्रीकरण करणार इक्बाल दाऊद, राहणार रोहा. मदतनीस गंगाधर किसनराव, राहणार पेण." बापाच्या नावासकट. शाळा सुटल्यावर माझं नाव असं पूर्ण कुणी घेतलंच नव्हतं. तुम्ही ते रोज घ्यायचात. कधी जप्तीच्या दारात, कधी शेणाच्या ढिगाशेजारी.

आणि बोलताना चुकलं तर? तर कापायचं नाही. "दुरुस्ती" म्हणायचं आणि त्याच रेकॉर्डिंगमध्ये बरोबर काय ते पुन्हा बोलायचं. एकदा तुम्ही मंगळवारचा बुधवार केलात, तर अर्ध्या तासानं आठवून, भर पंचनाम्यात, तलाठ्याला थांबवून "दुरुस्ती" बोललात. तलाठी म्हणाले, "इक्बालभाई, वारानं काय फरक पडतो?" तुम्ही म्हणालात, "मला पडतो."

म्हणून तर मला कळत नाही, भाई.

नव्या कॅमेऱ्यावरून आपण किती भांडलो. तुमचा जुना, मस्कतहून आणलेला, टेपवाला. टेप वाजवायचं यंत्र आचके देत होतं. कोर्टात लॅपटॉपवर दाखवायचं तर टेपवरून उतरवून घ्यावं लागे, आणि समोरचा वकील लगेच उठे, म्हणजे ही नक्कल झाली, अस्सल कुठंय? मी वर्षभर तुमच्या मागं लागलो होतो. नव्यात दोन कार्डं असतात भाई, एकाच वेळी दोन्हींवर चढतं. एक बिघडलं तरी दुसरं असतं. कॉलरला लावायचे बिनवायरीचे माइक मिळतात, माणूस लांब गेला तरी ऐकू येतं.

"कोपऱ्यात तारीख येते का चित्रावर?"

"चित्रावर नाही, फाइलमध्ये असते."

"फाइलच्या पोटात. म्हणजे जजसाहेबांनी कॅमेऱ्याचं पोट फाडून बघायचं?"

शेवटी तुम्ही मुंबईला जाऊन घेऊन आलात तो. मला न सांगता. दुकानात खोकं ठेवलंत आणि रागानंच म्हणालात, "घे, तुझी सवत आणली." कुणाची सवत, कुणाला, हेही मला धड कळलं नाही. पण आपण तो पहिल्यांदा रोह्याला घरी नेऊन भाभींवर चालवून बघितला ते आठवतंय ना? भाभी भाकरी थापत होत्या. टीव्हीवर लावून पाहिलं तर त्यांच्या तोंडावर एक सुरकुती नाही. लग्नवाल्यांसाठी चेहरा गुळगुळीत करायची सोय त्यात आधीच चालू होती, ते आपल्या दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

भाभी पिठाचे हात तसेच धरून बघत राहिल्या. "हाच ठेवा," म्हणाल्या. "कोर्टाचं काय ते नंतर बघा."

तुम्ही माझ्याकडं वळलात. "बघ. पहिल्याच दिवशी खोटं बोलला."

"ते बंद करता येतं, भाई."

"कर मग."

"आयुष्यभर दुनियेचे व्हिडिओ काढलेत," भाभी मागून म्हणाल्या, "माझा एक काढलात तो पण पुसा आता." तुम्ही हसलात आणि मी तो पुसला. तपासणीचा होता, म्हणून. आता वाटतं, कशाला पुसला.

माइकवरून मात्र तुम्ही हसला नाहीत. संचात माइक दोनच. तुम्ही ते तळहातावर घेऊन बराच वेळ बघत बसलात. "जुना कॅमेरा बावळट आहे," म्हणालात. "सगळ्यांचं ऐकतो. कावळ्याचं पण. हा ज्याच्या कॉलरला लावू त्याचंच ऐकणार. मग लावायचा कुणाला, हे कोण ठरवणार?" मी म्हणालो, कोर्टानं नेमलेले कमिशनर ठरवतील. तुम्ही मान हलवलीत. ती होकाराची होती की नकाराची, तेही कळलं नाही. आता तुमच्या अशा किती माना मी मनात ओळीनं लावून बघतो.

मग ते वडखळकडचं काम आलं. खाडीचा बांध. हिराबाईंचं भातशेत बांधाच्या आत, आणि खारं पाणी शिरून ते पांढरं पडलेलं. पुतण्याला तिथं कोळंबीचं तळं हवंय. हिराबाई म्हणतात, त्यानं बांध फोडला. पुतण्या म्हणतो, उधाणात आपोआप फुटला. कोर्टानं एक वकीलबाई कमिशनर म्हणून नेमल्या, जागा बघून या, जसं आहे तसं चित्रीकरण करून आणा म्हणून.

तुम्ही दोन्ही कॅमेरे घ्यायला लावलेत. नवा तिकाटण्यावर तुम्ही स्वतः उभा केलात, चौकट तुम्ही लावलीत. जुना तुमच्या खांद्याला. वकीलबाईंनी माइकसाठी पदर पुढं केला, तर तुम्ही म्हणालात, "मॅडम, तुमचा आवाज देवाच्या दयेनं खाडीपार जातो. माइक या दोघांना देऊ?" एक पुतण्याला लावला. एक हिराबाईंच्या पदराला. त्या तो चिमटीत धरून म्हणाल्या, "ह्यात बोललं का म्हंजे खरं ठरतं?"

"नाय मावशी," तुम्ही म्हणालात. "ऐकू येतं फक्त."

मग तुम्ही बटण दाबलंत आणि हिराबाईंच्या माइकजवळ उभं राहून सुरुवात केलीत. तारीख, वेळ, जागा, वकीलबाई, हिराबाई, पुतण्या. सगळं बरोबर. आणि शेवटी, त्याच आवाजात, त्याच चालीत, "चित्रीकरण करणार गंगाधर किसनराव, राहणार पेण. मदतनीस इक्बाल दाऊद, राहणार रोहा."

मी तुमच्याकडं बघितलं. वाटलं, आत्ता "दुरुस्ती" म्हणाल. तुम्ही म्हणाला नाहीत. नवा कॅमेरा तिकाटण्यावरून काढून माझ्या हातात दिलात आणि पुढं चाल अशी खूण केलीत. मी तोंड उघडलं तर तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत. रेकॉर्डिंग चालू होतं. मी चाललो. बांधावर, त्या फुटलेल्या जागेपर्यंत, आणि तिथून परत. फळीवर ओली मूर्ती असल्यासारखा. तुम्ही माझ्या मागं होता. मागं म्हणजे किती मागं, तुमचं तोंड कसं दिसत होतं, धाप लागली होती का, मी पाहिलं नाही. मला पुढं बघायचं होतं.

वडखळच्या नाक्यावर चहा घेताना मी विचारलं.

"भाई, नावं उलटी झाली."

"कॅमेरा कोणाच्या हातात होता?"

"माझ्या. पण सुरू तुम्ही केला. चौकट तुमची."

"हं," तुम्ही म्हणालात, आणि कपातली साय बोटानं काढून बशीच्या कडेला लावलीत. तेवढ्यात रोह्याकडची एसटी आली. "उद्या बोलू," म्हणालात आणि चढलात. खिडकीतून हात पण केला नाहीत, पण तो तुम्ही कधीच करत नव्हता.

उद्या बोलणं झालं नाही असं नाही. तुम्ही नंतरही दुकानात आलात, आपण बोललो. बॅटरीबद्दल, एका मोजणीच्या कामाबद्दल, माझ्या केस कापण्याबद्दल. हेच तेवढं राहिलं. मला वाटलं, घाई काय आहे. आणि मग एका सकाळी रोह्याहून फोन आला.

तुम्हाला माती द्यायला मीही पुढं झालो, कुणी अडवलं नाही. एक सांगतो, रागावू नका. त्या सकाळी ऊन फार चांगलं पडलं होतं, तिरपं, स्वच्छ, आणि माझा हात आपोआप खांद्यावरचा पट्टा शोधत होता. पट्टा नव्हता. हात नुसताच तिथं थांबून राहिला.

त्यानंतर वकीलबाईंनी बोलावून घेतलं. रेकॉर्डिंगसोबत कोर्टाला दाखला द्यावा लागतो, कोणत्या यंत्रावर घेतलं, कुणी घेतलं, त्यात काही बदल नाही म्हणून. त्यावर सही त्याची, ज्यानं घेतलं. "रेकॉर्डवर तुझं नाव आहे," त्या म्हणाल्या. "तुलाच उभं राहावं लागेल. तू डगमगलास तर समोरचे म्हणतील, खरा काढणारा मेला, आता कुणीही येऊन सही करतोय. मग हिराबाईंचा बांध तू कितीही चांगला टिपलेला असो."

मी गावी फोन केला. कोर्टात जायचंय म्हटल्यावर आईचा पहिला प्रश्न, "काय केलंस तू?" साक्ष द्यायचीय, म्हणालो. ती म्हणाली, "साक्षीला शिकलेली माणसं नाहीत का तिकडं? तू आपला परत ये." एक दिवस मी पिशवीत कपडेही भरले होते, भाई. मग कॅमेऱ्याची बॅग कुणाकडं द्यायची हे ठरेना, म्हणून ती पोचवायला रोह्याला गेलो. भाभींनी पडद्याआडून विचारलं, "पळतोयस?" मी बॅग खाली ठेवली. "बस तिथं," त्या म्हणाल्या. "साक्षीदार, नाव सांगा."

असं ते सुरू झालं. काही संध्याकाळी मी पेणहून गाडीनं जायचो आणि भाभी समोरच्या बाजूच्या वकील व्हायच्या. फार वाईट वकील, भाई. "तू ह्यांच्या दुकानात झाडू मारायचास ना?" "कॅमेऱ्याचं स्पेलिंग येतं का?" "पगाराचा नोकर तू, मालक सांगेल ते बोलणार." माझे कान लाल व्हायचे. मी चिडून काही बोललो की म्हणायच्या, "असाच चिडलास ना तिथं, की हिराबाईचं शेत गेलं खाडीत."

आणि एका संध्याकाळी त्यांनी तो प्रश्न विचारला. आवाज वकिलाचाच होता.

"साक्षीदार, मयत इक्बाल यांनी त्या दिवशी नावं चुकीची घेतली, कारण त्यांची तब्येत बरी नव्हती. खरं की खोटं?"

मग भाभी आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "खरं सांग रे गंगाधर. त्या दिवशी ते थकलेले होते का? घरी आले नि भात पानात तसाच टाकला. मी म्हटलं उन्हातून आलेत. मला कळायला हवं होतं का?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. तुम्ही नावं चुकून उलटी घेतली असतील, तर तुम्ही तेव्हाच आजारी होता, आणि ते मलाही दिसलं नाही, भाभींनाही नाही. मुद्दाम घेतली असतील, तर तुम्ही ठणठणीत होता आणि मला काहीतरी देत होता. किंवा आजारी होता, तुम्हाला ते ठाऊक होतं, आणि म्हणूनच देत होता. मला यातलं कुठलं हवंय? भाभींना सोसेल असं कुठलं? मी तुमच्या खुर्चीकडं बघत बसलो. शेवटी म्हणालो, "भाभी, आवाज नेहमीचाच होता. बाकी मी बघितलं नाही." त्या म्हणाल्या, "हां. असंच सांग तिथं पण. बघितलं तेवढंच."

परवा कोर्टात रेकॉर्डिंग लावलं. एवढा वेळ मी नीट होतो. मग भिंतीवरच्या टीव्हीतून तुमचा आवाज आला. कठड्याला धरून उभा राहिलो. सगळ्या खोलीत तुम्ही माझं नाव घेतलंत, बापासकट, आणि जजसाहेबांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

समोरचे वकील भाभींपेक्षा सभ्य निघाले. शिक्षण विचारलं, मी सातवी सांगितलं, त्यांनी पुढं काही खोदलं नाही. मग म्हणाले, "सुरुवातीचा आवाज मयत इक्बाल यांचा. कॅमेरा त्यांनीच सुरू केला. म्हणजे चित्रीकरण त्यांनी केलं आणि तुम्ही त्यांचे मदतनीस. नावं घेताना त्यांची चूक झाली, बरोबर?"

भाई, मी किती उत्तरं पाठ केली होती. त्यातलं एक आलं नाही. मी म्हणालो, "कॅमेरा त्यांनी लावला, सुरू त्यांनी केला. मग माझ्या हातात दिला. चाललो मी. त्यांची चूक झाली का ते मला माहीत नाही. चूक झाली की ते त्याच रेकॉर्डिंगमध्ये दुरुस्ती बोलायचे. त्या दिवशी बोलले नाहीत. एवढंच मला माहीत आहे."

वकिलांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. जजसाहेबांनी लिहून घ्यायला सांगितलं. हिराबाई मागच्या बाकावर होत्या. बाहेर पडताना त्यांनी माझ्या दंडाला नुसता हात लावला. निकाल अजून लागायचाय. बांध फुटला की फोडला, ते ठरायचंय. मला वाटायचं, आपल्या रेकॉर्डिंगमध्ये ते दिसतंच. आता तेच पुन्हापुन्हा बघून मला तेही सांगता येईना. माती पडलेली दिसते. कशी पडली ते त्यात नाही. तुमचं तसंच झालंय. तुमचं वाक्य माझ्याकडं दोन कार्डांवर आहे, अगदी स्वच्छ, कावळ्याशिवाय. आणि तरी.

जुना कॅमेरा मी विकला नाही. तुमच्या शेवटच्या टेपवर त्या बांधावरच्या सकाळचं चित्र आहे, कोपऱ्यात तारखेसकट. यंत्र चाललं तेवढं पाहिलं. त्यात सगळा वेळ माझी पाठ आहे, भाई. बांध नाही, हिराबाई नाहीत. माझी पाठ, थोडी हलत्या हातानं घेतलेली. तुमचा हात हलत नसे. की चालत होता म्हणून हलला? हेही विचारायचं राहिलं.

भाभींना कोर्टातलं सगळं सांगितलं. मग पडद्याखालून चहा आला आणि त्या म्हणाल्या, "वकील म्हणून मी हरले म्हणायची."

भाभींचं हे मी फेडीन, भाई, कधी ते सांगता येत नाही, पण फेडीन. इद्दत संपू दे, भाभींचं मन होऊ दे. मग त्यांना तुमच्या खुर्चीत बसवीन, खिडकीकडून उजेड घेईन. चेहरा गुळगुळीत करायची सोय बंद आहे, हे दोनदा तपासीन. एक माइक त्यांच्या पदराला लावीन, दुसरा रिकाम्या स्टुलावर ठेवीन. आणि त्या तुमच्याबद्दल जे बोलतील, भांडतील, मध्येच गप्प बसतील, ते सगळं न थांबवता घेईन, दोन्ही कार्डांवर. पुसणार नाही. सुरुवातीला मी बोलेन, खणखणीत. तारीख, वेळ, जागा, हजर नसीमभाभी. चित्रीकरण करणार गंगाधर किसनराव, राहणार पेण. मदतनीस इक्बाल दाऊद, राहणार रोहा.

तुमचं मला माहीत नाही. मी ते मुद्दाम म्हणेन.